शरणपूर ते मोंबासा : दोन शाळांचे नाते

संमेलनाच्या तयारीच्या बैठकांमध्ये यंदा एक विषय पुन्हा पुन्हा निघाला. आपल्या शाळेने परदेशातल्या एखाद्या शाळेशी कायमचे नाते जोडावे, मुलांची पत्रे जावीत-यावीत, शिक्षकांनी एकमेकांकडे जाऊन राहावे, आणि हे एका वर्षाच्या उत्साहापुरते न राहता पिढ्यान्‌पिढ्या चालावे, असे अनेकांचे म्हणणे पडले. कल्पना चांगली आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या चर्चच्या शाळांची आफ्रिकेतल्या शाळांशी अशी नाती आज आहेतही. त्यावर बोलता बोलता कुणीतरी म्हणाले, "आपल्या नाशिकला हे सगळे नवीन आहे." त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. कारण नाशिकला हे मुळीच नवीन नाही. दीडशे वर्षांपूर्वी नाशिकच्या एका मिशन शाळेचे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या मिशन शाळेशी असे घट्ट नाते होते, की तिकडच्या शाळेतले पहिले शिक्षक इथे शिकून गेलेले होते. आणि ते नाते जोडणारे, टिकवणारे आणि त्याची किंमत मोजणारे लोक होते त्या शाळेचे माजी विद्यार्थी. आपल्या या स्मरणिकेत त्यांची गोष्ट यायला हवी, ती त्यासाठीच.

शरणपूर

सीबीएसवरून कॅनडा कॉर्नरकडे जाणारा शरणपूर रोड आपल्यापैकी प्रत्येकाने सायकलवरून तुडवला आहे. क्लासला, कॉलेजला, सिनेमाला जाताना आपण तो शेकडो वेळा ओलांडला. या रस्त्याला ज्या शरणपूरचे नाव आहे, ते त्या काळी नाशिक गावाच्या पश्चिमेला, गावाबाहेर वसवलेले एक छोटे ख्रिस्ती खेडे होते. शरण आलेल्यांचे पूर, असा साधा अर्थ. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात ते वसवले. ही सोसायटी १७९९ साली लंडनमध्ये स्थापन झालेली. नाशिकमध्ये तिचे काम त्याआधी वीसेक वर्षे चालू होतेच. खेड्यात घरे होती, शेतजमीन होती, अनाथ मुलांचे वसतिगृह होते, शाळा होती आणि हातकामाचे कारखाने होते. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम असे हुन्नर मुलांना शिकवले जात. सकाळी पुस्तक आणि दुपारी रंधा, असा त्या शाळेचा रिवाज होता.

१८६०च्या सुमारास या शाळेत वेगळ्या चेहऱ्यांची मुले येऊ लागली. ती आफ्रिकेची होती.

ही मुले आली कुठून

आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या देशांच्या सीमा जिथे मिळतात, त्या न्यासा सरोवराच्या परिसरातून माणसे पकडून किनाऱ्यावर आणायचा धंदा त्या काळी जोरात होता. पकडलेल्यांना साखळदंडाने बांधून पायी किल्व्याच्या बंदरापर्यंत चालवत नेत, तिथून झांझिबारच्या बाजारात विकत आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे पाठवत. ज्या वाऱ्यांची आपले शेतकरी जून महिन्यात वाट पाहतात, तेच वारे ती गलबते उत्तरेला लोटत.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामांच्या व्यापारावर १८०७ मध्ये बंदी आली होती. हिंदुस्थानात १८४३च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली. झांझिबारच्या सुलतानाशी १८४५ मध्ये झालेल्या तहाने त्याच्या राज्याबाहेर गुलाम पाठवण्यास मनाई झाली, पण राज्याच्या आतला बाजार चालूच राहिला. त्यामुळे ब्रिटिश आरमाराच्या बोटी अरबी समुद्रात गस्त घालत, संशयित गलबते पकडत आणि त्यांतल्या माणसांना सोडवत. प्रश्न पुढचा होता. सोडवलेल्या माणसांना न्यायचे कुठे? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परत सोडले तर आठवड्याभरात ती पुन्हा पकडली जाणार. म्हणून त्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबई अशा ठिकाणी उतरवत. मुंबईत उतरलेल्या मुलांपैकी काही मुले घरोघरी कामाला दिली गेली, तर काही मिशनकडे सोपवली गेली. मिशनकडची मुले पुढे नाशिकला शरणपूरला आली. त्यात मुलीही होत्या.

जरा कल्पना करावी. सात-आठ वर्षांचे मूल. गाव जळालेले, आईबाप हरवलेले. शेकडो मैल पायी, मग गलबताच्या तळात, मग गोऱ्या शिपायांची बोट, मग मुंबई, मग घाट चढून नाशिक. इथे त्याला नवे नाव मिळाले, नवा धर्म मिळाला, इंग्रजी अक्षरे मिळाली आणि कानावर इथल्या भाषा पडू लागल्या. नावांवरून तर शाळेची हजेरीच वाचता येते. एकाचे नाव सायमन प्राइस, म्हणजे शाळेच्या प्रमुखांचे आडनाव. दुसऱ्याचे रिचर्ड आयझेनबर्ग, तेही एका मिशनरी गुरूचेच आडनाव. तिसऱ्याचे कॅरस फॅरर. फॅरर हे नाशिकमधल्या सुरुवातीच्या मिशनऱ्याचे आडनाव होते (अहमदनगरच्या मुलींच्या शाळांच्या मिस फॅरर त्या वेगळ्या, अमेरिकन मिशनच्या). मुलांची मूळ नावे बहुतेक करून पुसली गेली. या शाळेने मुलांना खूप काही दिले, हे खरे. पण देताना काय काढून घेतले, हेही त्याच हजेरीत दिसते.

राबाईला पहिले शिक्षक

या शाळेचा आफ्रिकेशी संबंध केवळ मुलांमुळे नव्हता. आफ्रिकी मुलांचे शिक्षण ज्यांच्याकडे होते ते रेव्हरंड आयझेनबर्ग हे स्वतः आधी इथिओपियात काम केलेले जर्मन मिशनरी. १८३९च्या सुमारास शोआ प्रांतात त्यांच्याबरोबर योहान लुडविग क्राफ नावाचे दुसरे जर्मन मिशनरी होते. दोघेही बाझेलच्या एकाच मिशन विद्यालयात शिकलेले. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आयझेनबर्ग मुंबईला आले. क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला पोचले आणि जवळच्या टेकडीवर राबाई येथे त्यांनी ठाणे सुरू केले. दोन वर्षांनी त्यांना योहान रेबमान येऊन मिळाले. क्राफ प्रकृतीमुळे परतल्यावर रेबमान राबाईला जवळजवळ एकटे राहिले. वर्षामागून वर्षे गेली तरी काम वाढेना.

आता नाशिकमध्ये आफ्रिकेतून आलेली, शिकलेली, हाताला कसब असलेली तरुण मंडळी तयार होती आणि तिकडे राबाईला माणसांची गरज होती. १८६४ मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम हेन्री जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तिघे आपापल्या बायकांसह आफ्रिकेला गेले. त्याच वर्षी आयझेनबर्ग वारले. जुन्या गुरुबंधूंच्या ओळखीतून सुरू झालेले हे नाते आता त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातात आले होते.

हे तिघे 'परत' गेले असे त्या वेळच्या अहवालांच्या भाषेत म्हणतात. पण ते परत कुठे गेले? त्यांची गावे आत खूप दूर, न्यासा सरोवराकडे. मोंबासाची भाषा, तिथले लोक, तिथल्या रीती त्यांनाही परक्याच. नाशिकहून मोंबासाला जाणे म्हणजे त्यांच्यासाठी एका परक्या गावातून दुसऱ्या परक्या गावात जाणे होते. तरीही ते तिथे गेले आणि पुढच्या काळात राबाईचे काम उभे राहिले ते मुख्यतः त्यांच्या जोरावर.

लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेले विद्यार्थी

या शाळेचे नाव जगात गेले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. १८६५च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईला आले. मुंबई त्यांना नवी नव्हती. आदल्या वर्षी स्वतःची छोटी आगबोट चालवत ते झांझिबारहून इथे आले होते आणि चुमा व विकातानी या दोन आफ्रिकी मुलांना डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवून गेले होते. या खेपेला नव्या मोहिमेसाठी माणसे शोधत ते नाशिकला आले आणि शरणपूरच्या शाळेतून त्यांनी नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबई सोडून झांझिबारला निघाली.

प्रवास सोपा नव्हता. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांविषयी तक्रारी आहेत; ती आळशी आहेत, ऐकत नाहीत, असे त्याने लिहिले. मुलांच्या बाजूने पाहिले तर ती शाळेच्या अंगणातून थेट जंगलात आली होती. नऊपैकी रिचर्ड आयझेनबर्ग पहिल्याच वर्षी वाटेत मरण पावला. पुढे जेम्सही मारला गेला. काही जण वाटेत सोडून गेले. थोडेच शेवटपर्यंत राहिले.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी नाशिकचेच आणखी सहा तरुण आत गेले: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन, बेंजामिन रटन आणि रिचर्ड रटन. १८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले गेले. तेव्हा प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. साहेबाच्या सामानाची यादी करून ठेवली तीही त्यानेच. सगळ्यांत चांगले लिहिता-वाचता येणारा तो नाशिकचा विद्यार्थी होता, म्हणून ते काम त्याच्याकडे आले. त्या झाडाचा कोरलेला भाग पुढे लंडनला नेण्यात आला.

मग या मंडळींनी ते शव वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, हजार मैलांहून अधिक अंतर नऊ महिन्यांत पायी किनाऱ्यापर्यंत आणले. चुमा आणि सुसी यांनी या मोहिमेचे नेतृत्व केले, हे सगळे सांगतात. नाशिकच्या विद्यार्थ्यांचा वाटा मात्र सांगायचा राहून जातो. फेब्रुवारी १८७४ मध्ये शव बागामोयोला पोचले. जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीत तिरडीला हात देणाऱ्यांमध्ये एकटा आफ्रिकी माणूस तो होता. त्याने प्रवासाची रोजनिशीही ठेवली होती. तिचा जर्मन अनुवाद त्याच वर्षी छापला गेला. जेकब पुढे आफ्रिकेला परतला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो येथे वारला. शरणपूरच्या शाळेतला विद्यार्थी. आपल्याच गावात शिकलेला.

फ्रिअरटाउन

लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या बातमीने इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध मोठी लाट उठली. पण त्याआधीच सरकारी पातळीवर एक पाऊल पडले होते. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना १८७३ मध्ये झांझिबारला पाठवण्यात आले. हे फ्रिअर महाराष्ट्राला चांगले ओळखीचे. साताऱ्याला ते रेसिडेंट होते. १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईच्या जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या त्या त्यांच्याच काळात. आज ज्याला पी. डिमेलो रोड म्हणतात, तो पूर्वीचा फ्रिअर रोड. ५ जून १८७३ रोजी सुलतान बरगश याने तहावर सही केली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला.

आता सोडवलेल्या माणसांसाठी किनाऱ्यावरच जागा हवी होती. फ्रिअर यांनी नाशिकची शाळा गव्हर्नर असतानाच्या काळापासून जाणली होती. त्यांनी चर्च मिशनरी सोसायटीला सुचवले की शरणपूरसारखीच वसाहत मोंबासाजवळ उभारावी आणि तिच्या उभारणीसाठी नाशिकला शिकलेल्या आफ्रिकी मंडळींना न्यावे. सोसायटीने हे काम सोपवले ते विल्यम प्राइस यांच्याकडेच. ज्यांनी शरणपूर वसवले, त्यांनीच १८७४च्या अखेरीस मोंबासाला पोचून पुढच्या वर्षी समोरच्या मुख्य भूमीवर जमीन घेतली आणि तिला नाव दिले फ्रिअरटाउन. नाशिकहून सुमारे दीडशे आफ्रिकी स्त्री-पुरुष तिथे गेले. शरणपूरमधला आफ्रिकी विभाग त्यानंतर बंद झाला. सप्टेंबर १८७५ मध्ये थेटिस नावाच्या युद्धनौकेने सोडवलेल्या अडीचशेहून अधिक माणसांना फ्रिअरटाउनला उतरवले.

त्या दिवशीचे काम काय होते, हे कुठल्याही वसतिगृहाच्या रेक्टरला विचारा. अडीचशे उपाशी, घाबरलेली माणसे आणि त्यांची मुले. त्यांना निवारा, अन्न, औषध, आणि हे नवे लोक पुन्हा आपल्याला विकणार नाहीत असा विश्वास हवा. तो विश्वास देऊ शकणारे होते नाशिकहून आलेले लोक, कारण ते स्वतः त्याच गलबतांमधून आले होते. घरे बांधणे, विहीर, शेत, सुतारशाळा आणि मुलांची शाळा हे सगळे त्यांनी उभे केले. शरणपूरचा नकाशा जणू समुद्रापलीकडे पुन्हा मांडला गेला. शाळांमधल्या नात्याचे इतके ठोस रूप दुसरे क्वचितच सापडेल: इथले शिक्षक तिथे, इथली रीत तिथे, इथले औजारांचे ज्ञान तिथे.

दोन्हीकडचे, आणि पुरते कुणाचेच नाहीत

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबलो असतो तर स्मरणिकेला शोभेल असा गोड शेवट झाला असता. पण पुढचे सांगितले नाही, तर आपल्याला या इतिहासाचा उपयोग नाही.

नाशिकहून गेलेल्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. त्यांना इंग्रजी येई, लिहिता-वाचता येई, ते स्वच्छ युरोपीय पद्धतीचे कपडे घालत, हिशेब ठेवत. त्यांना वाटे की आपण या कामातले भागीदार आहोत. तिथल्या अनेक युरोपीय मिशनऱ्यांना ते कामगार वाटत, आणि शिकलेला कामगार बरोबरीने बोलू लागला की तो उद्धट ठरे. तेच काम, पण पगारात मोठा फरक. निर्णय लंडनमध्ये होत. फ्रिअरटाउनमध्ये ते राबवायचा अधिकार युरोपीय अधीक्षकाकडे असे. १८८०च्या आसपास एका अधीक्षकाच्या काळात वसाहतीत फटक्यांच्या शिक्षा इतक्या वाढल्या की ब्रिटिश अधिकाऱ्यांमार्फत चौकशी करावी लागली आणि त्या गृहस्थांना जावे लागले. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या वसाहतीत पाठीवर फटके, हे शब्द एका वाक्यात लिहितानाही हात अडखळतो.

दुसऱ्या बाजूने, मोंबासाच्या स्थानिक लोकांनाही ही मंडळी आपली वाटत नव्हती. त्यांचा पोशाख वेगळा, बोली वेगळी, धर्म वेगळा. गोऱ्यांच्या लेखी ते आफ्रिकी, आफ्रिकींच्या लेखी ते मुंबईचे. शाळेने ज्यांना दोन देशांमधला पूल केले, त्यांच्यावरून सगळे चालत गेले. पण त्यांना काय वाटते हे विचारायला फारसे कुणी थांबले नाही.

जोन्स आणि सेमलर

तरीही ही माणसे कामात राहिली. १८६४च्या पहिल्या तिघांपैकी जॉर्ज डेव्हिड राबाईचा आधारस्तंभ ठरला. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकन म्हणून दीक्षा दिली. नाशिकला रंधा आणि हातोडा हाती घेतलेल्या मुलांनी वीस वर्षांच्या शिक्षकीनंतर मिळवलेली ही मान्यता होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले आणि त्यांनी बरोबर घेतले ते जोन्सला. सरोवराच्या अलीकडे एका ठाण्यावर बिशपने जोन्सला बहुतेक हमालांसह मागे ठेवले आणि पन्नास माणसे घेऊन ते पुढे गेले. ऑक्टोबरच्या शेवटी बुसोगा भागात बिशप आणि त्यांचे बहुतेक सोबती मारले गेले. बातमी पोचल्यावर, सुटलेल्यांची वाट पाहून, जोन्सने उरलेल्या सगळ्यांना शेकडो मैल चालवत सुखरूप राबाईला परत आणले. फेब्रुवारी १८८६ मध्ये हा तांडा टेकडीवर चढला, तेव्हा पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'इखाबोद'. बायबलमधल्या या शब्दाचा अर्थ, वैभव निघून गेले. सुमारे दीडशे माणसांना त्या अवस्थेत परत आणणे हे केवढे काम, हे ट्रेकला गेलेल्या पोरांची एक तुकडी सांभाळलेल्या आपल्या पी.टी.च्या सरांना नक्की कळेल.

पुढचा प्रसंग मला याहून मोठा वाटतो. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम राबाईला आश्रय मागत. मिशनचा अधिकृत नियम असा की पळून आलेल्यांना ठेवून घ्यायचे नाही; कारण मालक चिडले, तर सुलतानाशी आणि सरकारशी वाद होणार. राबाईचे काम पाहणाऱ्या जोन्सने त्यांना ठेवून घेतले. १८८८ मध्ये मालकांनी उघड मागणी केली तेव्हा राबाईत आणि आसपासच्या ठाण्यांवर असे शेकडो लोक असल्याचे उघडकीला आले. वातावरण इतके तापले की म्हातारे प्राइस पुन्हा एकदा इंग्लंडहून मोंबासाला आले. शेवटी इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला देण्याचा तोडगा काढला आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईला मुक्तीचे दाखले वाटले गेले. सर्व ठाण्यांवरचे मिळून सुमारे १,४०० स्त्री-पुरुष त्या तडजोडीने कायमचे मोकळे झाले.

नियम पाळणाऱ्यांच्या नजरेत जोन्स चुकला होता. पण तो स्वतः कधीकाळी असाच पकडून नेलेला मुलगा होता. नाशिकच्या शाळेच्या नावातच 'शरण' होते. दारात आलेल्याला परत पाठवायचे नाही, हा धडा त्याने कुठल्या पुस्तकातून घेतला असेल, हे मला ठाऊक असण्याची गरज वाटत नाही.

आज तिथे आणि इथे

मोंबासाला आजही फ्रिअरटाउन आहे. तिथली जुनी घंटा अजून उभी आहे. गुलामांचे गलबत दिसले की सावध करण्यासाठी ती वाजवत. त्या चौकाच्या भागाला स्वाहिली भाषेत 'केंगेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. फ्रिअरटाउनच्या सोडवलेल्या लोकांच्या पुढच्या पिढीतल्या जेम्स जुमा म्बोतेला यांनी १९३४ मध्ये गुलामांच्या मुक्तीवर स्वाहिलीत पुस्तक लिहिले. लिव्हिंग्स्टनचे शव आणणाऱ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासातच १९३५ पर्यंत जगला. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा तेव्हा शाळेत जात होते. म्हणजे ही गोष्ट पुराणकाळातली नाही. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये या 'बॉम्बे आफ्रिकन्स'वर प्रदर्शनही भरवले.

आणि इथे? इथे शरणपूर रोड आहे. दुकाने, दवाखाने, वाहतूक, सिग्नल. रस्त्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्या नावामागची मुले फारशा कुणाला ठाऊक नाहीत. आपण शाळेत डॉ. लिव्हिंग्स्टन शिकलो. त्याला पुरताना प्रार्थना वाचणारा मुलगा आपल्याच गावात लिहायला शिकला, हे आपल्याला कुणी सांगितले नाही.

आपण काय घ्यावे

संमेलन समितीपुढे आता जो प्रस्ताव आहे, त्याच्या संदर्भात या इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात. त्या इथे साध्या शब्दांत मांडतो.

पहिली, शाळांचे नाते माणसांवर टिकते. लंडनची समिती, अहवाल, देणग्या हे सगळे होते. पण शरणपूर आणि राबाई यांच्यामधली दोरी होती जॉर्ज डेव्हिड, जोन्स, सेमलर आणि त्यांच्या बायका. आपणही करार आणि फोटोपेक्षा, कोण जाणार, किती दिवस राहणार आणि परत आल्यावर कोणाला सांगणार, याचा आधी विचार करावा.

दुसरी, जो जातो त्याला बरोबरीचे मानावे. फ्रिअरटाउनमध्ये नाते आतून पोखरले गेले ते पैशाअभावी नव्हे, तर तेच काम करणाऱ्यांना वेगळा पगार आणि वेगळा मान दिल्यामुळे. दोन शाळांपैकी एक देणारी आणि एक घेणारी असे ठरले की हे होतेच. आपल्या मुलांनी तिकडे जाऊन शिकावे, तसे तिकडच्यांनीही आपल्याकडे येऊन शिकावे. आणि काय शिकायचे ते दोघांनी मिळून ठरवावे.

तिसरी, नाव बदलू नये. मुलाला दुसऱ्या देशाची ओळख करून देताना त्याची स्वतःची भाषा, गाव, आडनाव जपावे. शरणपूरच्या हजेरीने हे केले नाही. आपल्याला ते करता येईल.

चौथी, नोंद दोन्हीकडे ठेवावी. मिशनऱ्यांची चरित्रे छापली गेली, पण त्यांच्याबरोबरीने काम केलेल्या विद्यार्थ्यांची क्वचितच. आपल्या शाळेच्या शतकाच्या स्मरणिकेत कधीतरी जेव्हा या नात्याचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्यात मुख्याध्यापकांबरोबर सहलीत स्वयंपाक केलेल्या मावशी आणि पत्रे लिहिणारी सातवीची मुलेही असावीत.

शेवटी एक छोटी सूचना. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण शाळेपासून फेरी काढणार आहोत. ती शरणपूर रोडने न्यावी आणि वाटेत कुठेतरी पाच मिनिटे थांबून या मुलांची नावे मोठ्याने वाचावीत. यादी लांब नाही: जॉर्ज डेव्हिड, विल्यम हेन्री जोन्स, इश्माएल सेमलर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग आणि त्यांचे सोबती. ती नाशिकची माजी विद्यार्थी मंडळी आहेत. आपल्या संमेलनाचे निमंत्रण त्यांना दीडशे वर्षे उशिराच जाते आहे, पण जावे.